मॅरेथॉनची गोष्ट मुलांना खरी सांगावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी सरून हवेत गारवा आला की खान्देशात धावण्याच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या स्पर्धा होतातच, पण आता तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांतही कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ किंवा वाढदिवसानिमित्त ‘मॅरेथॉन’ भरवली जाते, आणि आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर तिचे सविस्तर वृत्त येते. हे सगळे स्वागतार्ह आहे. मात्र या वृत्तांमधून, आणि त्याहून अधिक बक्षीस समारंभातील भाषणांमधून, एक कथा हटकून सांगितली जाते. ग्रीसमधला एक सैनिक विजयाची बातमी घेऊन मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत न थांबता धावत गेला, ‘आपण जिंकलो’ एवढेच बोलला आणि त्याने प्राण सोडला. त्याच्या स्मरणार्थ ग्रीक लोक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावू लागले, अशी ती कथा. तिचे तात्पर्य म्हणून समोर बसलेल्या आठवी-नववीच्या मुलांना सांगितले जाते की धावायचे तर असे, जिवाची पर्वा न करता. मी तालुक्याच्या गावी अनेक वर्षे इतिहास शिकवला आहे आणि शाळेच्या मैदानावर हातात घड्याळ घेऊन मुलांच्या वेळाही नोंदवल्या आहेत, म्हणून या कथेविषयी चार शब्द लिहीत आहे. तिच्यातील लढाई खरी आहे. बाकीच्या भागाला आधार फार तोकडा आहे, आणि ज्याला भक्कम आधार आहे ते मुलांना कुणी सांगतच नाही.

इ. स. पू. ४९० मध्ये इराणच्या दारयवहू सम्राटाचे सैन्य अथेन्सच्या ईशान्येला मॅरेथॉनच्या किनारी मैदानावर उतरले आणि अथेन्सच्या लोकांनी प्लॅटिआ या छोट्या नगरराज्याच्या मदतीने त्याचा पराभव केला. या लढाईची सर्वांत जुनी सविस्तर हकीकत हेरोडोटस या इतिहासकाराने त्यानंतर साधारण अर्धशतकाने लिहिली. लढाईत भाग घेतलेली माणसे किंवा त्यांची मुले ज्या काळात हयात असू शकत होती, त्या काळातले हे लेखन आहे. इराण्यांचे ६,४०० आणि अथेन्सचे १९२ लोक पडले, असे आकडे तो देतो. धावणाऱ्या निरोप्याचाही उल्लेख तो करतो, पण तो निरोप्या मॅरेथॉनहून अथेन्सला गेलेला नाही. लढाईच्या आधी स्पार्टाची मदत मागण्यासाठी अथेन्सच्या सेनापतींनी त्याला स्पार्टाला पाठवले होते. त्याचे नाव काही हस्तलिखितांत फिडिपिडीज तर काहींत फिलिप्पिडीज असे आढळते. अथेन्स ते स्पार्टा हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, म्हणजे जळगावहून धुळे, मालेगाव करत नाशिक गाठावे एवढे, आणि मध्ये डोंगर. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्पार्टात पोहोचला, असे हेरोडोटस सांगतो. स्पार्टाच्या लोकांनी मदतीला होकार दिला; मात्र पौर्णिमा होईपर्यंत बाहेर पडता येत नाही, हा आपला नियम मोडायला ते तयार झाले नाहीत. पुढे त्यांचे दोन हजार सैनिक आले तेव्हा लढाई संपलेली होती.

या हकीकतीतील एक बारकावा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वाटेत टेगिआ गावाच्या वरच्या पार्थेनिऑन डोंगरावर पॅन हा रानावनाचा देव आपल्याला भेटला, त्याने आपल्याला नावाने हाक मारली आणि अथेन्सचे लोक माझी पूजा का करत नाहीत असे विचारले, हे त्या निरोप्याने स्वतः अथेन्सच्या लोकांना सांगितले. रात्रंदिवस धावून ग्लानी आलेल्या माणसाला काय काय दिसू शकते हा प्रश्न बाजूला ठेवू. तो हे सांगायला परत आला होता, एवढे इथे पुरे आहे. अथेन्सच्या लोकांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून शहरातील अक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी पॅनचे ठाणे स्थापन केले आणि दरवर्षी त्याच्यासाठी यज्ञ आणि मशालींची शर्यत सुरू केली. म्हणजे त्याच्या धावण्यातून प्राचीन काळी एखादी शर्यत जन्मली असेल, तर ती ही मशालींची शर्यत होय. चाळीस किलोमीटरची दौड नव्हे.

लढाईनंतर काय झाले, तेही हेरोडोटसने लिहिले आहे. पराभूत इराणी आरमार वळसा घालून अथेन्सवर चालून जाईल हे ओळखून सगळे अथेनी सैन्य तातडीने शहराकडे परतले आणि आरमार फालेरॉनच्या किनाऱ्यासमोर येण्याआधी तिथे पोहोचले. लढून दमलेल्या हजारो माणसांनी ही वाट तुडवली. त्यात एकट्या धावपटूचा, त्याच्या अखेरच्या शब्दांचा किंवा मृत्यूचा उल्लेख कुठेही नाही. देवाची भेटसुद्धा न गाळणाऱ्या लेखकाने एवढी नाट्यपूर्ण घटना माहीत असूनही सोडून दिली असेल, हे पटण्यासारखे नाही.

मग मरणारा निरोप्या आला कुठून? प्लुटार्क या लेखकाच्या ग्रंथात तो भेटतो, पण प्लुटार्कने लिहिले ते लढाईनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी. तोही एका जुन्या लेखकाचा हवाला देत थेर्सिप्पस असे एक नाव सांगतो आणि बहुतेकांच्या मते तो युक्लीस होता, अशी पुस्ती जोडतो. त्यानंतर काही दशकांनी लुसियन या विनोदी लेखकाने बातमी आणून प्राण सोडणाऱ्याला फिलिप्पिडीज हे नाव दिले. याच प्लुटार्कने आणखी एक कथा दिली आहे: इ. स. पू. ४७९ मधील प्लॅटिआच्या लढाईनंतर युकिडास नावाचा माणूस पवित्र अग्नी आणण्यासाठी डेल्फीला धावत गेला, एका दिवसात जाऊन-येऊन एक हजार स्टेडिया (एक स्टेडिया म्हणजे दोनशे मीटरांहून थोडे कमी) अंतर कापले, अग्नी हवाली केला, कोसळला आणि गेला. निरोप पोहोचवून मरणारा माणूस हा ग्रीक कथनाचा एक साचाच होता, असे मला या दोन कथा शेजारी ठेवल्यावर वाटते. १८७९ मध्ये ब्राउनिंग या इंग्रज कवीने स्पार्टाची दौड आणि अथेन्समधला मृत्यू एकाच माणसाच्या माथी मारले, आणि आज आपल्या व्यासपीठांवरून सांगितले जाते ते या जोडकामाचे वारसदार आहे.

आता ऑलिंपिककडे वळू. प्राचीन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन कधीही धावली गेली नाही. परंपरेने इ. स. पू. ७७६ पासून मोजल्या जाणाऱ्या त्या क्रीडांमध्ये आरंभी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची एकच दौड होती. ऑलिंपियातील हे अंतर सुमारे १९२ मीटर भरते, आणि तिथली बोटे रोवण्यासाठी खाचा पाडलेली दगडी आरंभरेषा आजही पाहायला मिळते. इ. स. पू. ७२४ मध्ये जाऊन परत येण्याची दुहेरी दौड आली आणि ७२० मध्ये डोलिकोस ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. स्पार्टाचा अकँथस हा तिचा पहिला विजेता. तिची लांबी वेगवेगळ्या ठिकाणी सात ते चोवीस स्टेडिया अशी सांगितली आहे. चोवीस धरली तरी अंतर पावणेपाच किलोमीटरच्या आतच राहते. ग्रीकांची धावण्याची सर्वांत लांब शर्यत एवढीच होती.

ती धावायची कशी, हे आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ग्रीकांचे मैदान लंबगोल नव्हते, सरळ पट्टीसारखे होते. त्यामुळे टोकाला रोवलेल्या खांबाला वळसा घालून उलट यायचे, पुन्हा दुसऱ्या टोकाला वळायचे, अशा येरझारा घालाव्या लागत. आमच्या शाळेला चारशे मीटरची धावपट्टी कधीच नव्हती. चुन्याच्या फक्कीने दोन रेषा आखायच्या, टोकाला बांबूवर झेंडा रोवायचा आणि मुलांना त्याला वळसा घालून आणायचे, अशीच आमची लांब पल्ल्याची शर्यत होई. तिचा निकाल झेंड्यापाशी लागत असे. ज्याला वळण आतून घेता येत नाही तो प्रत्येक फेरीत दोन-चार पावले गमावतो, कोपर लागून पोरे पडतात, आणि बाहेर उभे असलेले गाववाले ‘पय भो, पय!’ म्हणून ओरडत असतात. बक्षीस म्हणून ऑलिव्हचे तेल भरून दिल्या जाणाऱ्या अथेन्सच्या पॅनाथिनाइक हंड्यांवर लांब पल्ल्याचे धावपटू रंगवलेले आहेत. त्यांची कोपरे वाकवून अंगालगत धरलेली असतात, तर छोट्या दौडीच्या धावपटूंचे हात मोठमोठे झोके घेताना दिसतात. तिसऱ्या शतकातील फिलोस्ट्रॅटस याने व्यायामविद्येवरील ग्रंथात हेच सांगितले आहे: डोलिकोस धावणाऱ्याने बहुतेक वेळ हात पुढे धरून जवळजवळ चालल्यासारखे जावे आणि हातांचे पंख करून वेग घ्यावा तो शेवटी. पहिल्याच फेरीत जीव खाऊन पळून तिसऱ्या फेरीत बरगडीखाली हात धरून बसणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षे जे सांगत आलो, ते याहून वेगळे नव्हते.

ही शर्यत निरोप्यांच्या धावण्यातून आली, असेही फिलोस्ट्रॅटस म्हणतो. युद्धकाळात आर्केडियातून ग्रीसभर निरोप नेणाऱ्यांना घोडा वापरण्याची मनाई होती, त्यांनी पायीच धावायचे होते, आणि त्या सरावातून डोलिकोस जन्मली, अशी त्याची उपपत्ती आहे. ती कितपत खरी मानावी याविषयी मतभेद होऊ शकतात, कारण तोही मूळ घटनेच्या हजारेक वर्षांनंतर लिहीत होता. पण दिवसभर धावणारे निरोपे हा ग्रीसमध्ये एक मान्यताप्राप्त पेशा होता हे निश्चित. फिलिप्पिडीज त्याच पेशातला होता, असे हेरोडोटस स्पष्ट सांगतो. आपल्याकडे जासूद आणि हरकारे होते, तसेच हे. अचानक स्फुरण चढून धावत सुटलेला तो सैनिक नव्हता. ज्याची रोजीरोटीच धावण्यावर होती, असा तो तयारीचा माणूस होता. असे लोक जिवंत राहत, म्हणूनच तो पेशा चालत असे. इ. स. पू. ३२८ मध्ये डोलिकोस जिंकलेला अर्गोसचा अगेउस त्याच दिवशी धावत आपल्या गावी गेला आणि विजयाची बातमी त्याने स्वतःच सांगितली, अशी नोंद आहे. ऑलिंपियाहून अर्गोस सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. ही कथा मी एकाही व्यासपीठावरून ऐकलेली नाही, बहुधा तीत कुणी मरत नाही म्हणून.

तयारीविषयी पॉसेनियस या प्रवासी लेखकाने एक मोलाची माहिती दिली आहे. ऑलिंपियात झ्यूसच्या मूर्तीसमोर प्रत्येक खेळाडूला शपथ घ्यावी लागे, आणि सलग दहा महिने आपण सरावाचे नियम काटेकोरपणे पाळले आहेत, हे तीत सांगावे लागे. भर उन्हाळ्यात होणाऱ्या त्या क्रीडांमध्ये फार तर पावणेपाच किलोमीटरच्या शर्यतीसाठी दहा महिने! आपल्याकडे रविवारच्या स्पर्धेची नावनोंदणी शनिवारी रात्रीपर्यंत चालू असते आणि कधी वर्गातल्या पटावरून थेट दहा किलोमीटरच्या गटात नावे घातली जातात.

आजची मॅरेथॉन ही पूर्णपणे आधुनिक निर्मिती आहे. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने ती आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक कुबर्टिन यांना सुचवली, स्वतःच्या वतीने चांदीचा चषक देऊ केला, आणि १० एप्रिल १८९६ रोजी मॅरेथॉन गावाहून अथेन्सच्या स्टेडियमपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. मारुसी गावच्या स्पिरिडॉन लुईसने ती २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. तो पाणी वाहून नेण्याचे काम करत असे, असे सांगतात. मात्र तो एका रात्रीत उगवलेला नव्हता. ग्रीकांनी आधी चाचणी शर्यती घेतल्या होत्या आणि त्यांतल्या दुसऱ्या शर्यतीत लुईस पाचवा आला होता. उलट त्याच ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरमध्ये पहिले तीन क्रमांक पटकावणारे फ्लॅक, ब्लेक आणि लेरमुझिओ हे तिघेही मॅरेथॉनला उभे राहिले, त्यांतले लेरमुझिओ आणि फ्लॅक तर आघाडीवरही होते, आणि एकही जण शेवटपर्यंत पोहोचला नाही. परदेशी धावपटूंपैकी फक्त हंगेरीच्या केल्नरने शर्यत पूर्ण केली. जगातले उत्तम मध्यम पल्ल्याचे धावपटू अनोळखी अंतरापुढे असे गारद होत असतील, तर सोळाशे मीटरच्या सरावावर अर्धमॅरेथॉनला उतरणाऱ्या मुलांचे काय होत असेल, हे आयोजकांनी ताडावे.

सोळाशे मीटर हे अंतर मी मुद्दाम लिहिले. खान्देशात पहाटे महामार्गाच्या कडेला धावणारी बहुतेक मुले मॅरेथॉनसाठी धावत नसतात, ती भरतीची पोरे असतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते, आणि त्यावर घरादाराचे लक्ष असते. झिजलेल्या तळव्यांचे बूट, मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे, आणि मोबाइलवर वेळ लावून मैलाच्या दगडापाशी उभा असलेला एखादा मित्र, एवढीच त्यांची व्यवस्था. त्यांना मॅरेथॉनच्या लढाईतली एक गोष्ट आवडेल, असे वाटते. दोन्ही सैन्यांमध्ये आठ स्टेडियांपेक्षा कमी अंतर नव्हते आणि ते अथेन्सच्या सैनिकांनी धावत पार करून शत्रूवर हल्ला केला, असे हेरोडोटस लिहितो. हे अंतर दीड किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे भरतीच्या दौडीएवढेच. ढाल, भाला, शिरस्त्राण घेऊन एवढे अंतर कुणी पूर्ण वेगाने धावेल का, अशी शंका अभ्यासक घेतात आणि ती रास्त आहे; बाणांच्या टप्प्यात आल्यावरच ते धावले असावेत. तरीही मॅरेथॉनची लढाई फिरवणारी दौड चाळीस किलोमीटरची नव्हती, ही दीड किलोमीटरची होती.

अंतराच्या बाबतीत आपल्याकडे जो बाऊ केला जातो, त्यालाही इतिहासाचा आधार नाही. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांपर्यंत मार्ग आखताना ठरला आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने तो प्रमाण मानला. मधल्या काळात अंतर बदलत राहिले. १९२० मध्ये अँटवर्पला आपल्या बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी भारतातर्फे मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला, ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांचे नाव आपल्या क्रीडापानांवर क्वचितच दिसते, हेही जाता जाता नोंदवतो.

मृत्यूच्या कथेबद्दल माझा आक्षेप केवळ इतिहासाच्या अचूकतेपुरता नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात मॅरेथॉन झाली, जवळपास निम्म्या धावपटूंनी ती अर्ध्यावर सोडली आणि पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळून दुसऱ्या दिवशी मरण पावला. हा मृत्यू दंतकथेतला नाही. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला चरबीयुक्त लेप लावला होता, त्यामुळे घाम अडला, असे सांगितले जाते. स्वीडनच्या उन्हाची ही कथा, आणि आपला प्रदेश तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपुढे जाणारा. आपल्या स्पर्धा हिवाळ्यात सुरू होत असल्या तरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबतात, आणि साडेसहाची वेळ छापलेली स्पर्धा पाहुणे हिरवी झेंडी दाखवायला येईपर्यंत थांबवून ठेवली जाते. अशाच एका स्पर्धेत मी मुलांना नऊ वाजता निघताना पाहिले आहे. उपाशीपोटी अडीच तास ताटकळलेल्या त्या मुलांपैकी एकाला परतीच्या वाटेवर भोवळ आली. त्याला सावलीत नेऊन ओल्या पंचाने पुसून काढले आणि मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट पाजले, ते रस्त्यालगतच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी. पाण्याचे टेबल पुढे दीड किलोमीटरवर होते. संध्याकाळी त्याच स्पर्धेच्या बक्षीस समारंभात मरणाऱ्या निरोप्याची कथा पुन्हा सांगितली गेली, आणि भोवळ आलेल्या मुलाचे ‘जिद्द’ म्हणून कौतुक झाले. धावताना गरगरू लागले तर थांबायचे असते, हे त्या व्यासपीठावरून कुणीच बोलले नाही.

आपल्या दैनिकाला माझ्या काही विनंत्या आहेत. यंदाच्या स्पर्धांच्या वृत्तांत मॅरेथॉनचा इतिहास द्यायचा झाल्यास तो हेरोडोटसच्या आधाराने द्यावा, आणि मृत्यूची कथा दिलीच तर ती सहाशे वर्षांनंतरची दंतकथा आहे, हे सोबत छापावे. शालेय गटांसाठी तीन ते पाच किलोमीटरची शर्यत ठेवणाऱ्या आयोजकांना कमी लेखू नये, कारण ग्रीकांची लांब पल्ल्याची शर्यत एवढीच होती. वृत्तात विजेत्यांच्या नावांबरोबर शर्यतीचे अंतर, विजेत्याची वेळ आणि स्पर्धा प्रत्यक्षात किती वाजता सुटली हेही द्यावे. ही शेवटची नोंद दोन-तीन वेळा छापून आली की पाहुणे आपोआप वेळेवर येऊ लागतील, असा माझा अंदाज आहे. सोळा वर्षांखालील मुलांना दहा किलोमीटरच्या पुढच्या गटात घेताना शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडून किमान तीन महिन्यांच्या सरावाचा दाखला घ्यावा, अशी सूचना आपण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली, तर तालुक्यातले आम्ही काही निवृत्त शिक्षक तो नमुना तयार करून द्यायला तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव